कार्ड बदलावं, बोर्डाला हात लावावा की तीन पोर्टवर भागवावं?

फ्रेमवर्क कंपनीच्या लॅपटॉपसारख्या मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग बदलता येणाऱ्या लॅपटॉपचं पोर्ट बंद पडलं की नागपुरात पहिला सल्ला ठरलेला: "बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) दाखवून ये." जायला हरकत नाही, पण आधी घरीच एक गोष्ट करा. या लॅपटॉपमध्ये प्रत्येक जागी एकामागे एक अशी दोन पोर्ट असतात. बाहेर दिसतं ते काढता-घालता येणाऱ्या एक्स्पान्शन कार्डाचं. ते कार्ड आत ज्यात बसतं, ते मदरबोर्डवर (लॅपटॉपच्या मुख्य बोर्डावर) सोल्डर केलेलं यूएसबी-सी. दुरुस्तीचा सगळा हिशेब यातलं कोणतं बिघडलंय यावर ठरतो.

कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला. बिघाड कार्डाबरोबर गेला तर दोष कार्डाचा, तिथंच राहिला तर स्लॉटचा. तरी शंका असेल तर कार्ड काढून बारीक टोकाची टाइप-सी केबल थेट आतल्या पोर्टला लावून बघा. फक्त सगळे स्लॉट सारखे नसतात, हे ध्यानात ठेवा. एएमडी रायझेन 7040 प्रोसेसरवाल्या 13 इंची मॉडेलमध्ये मागचे दोन स्लॉट यूएसबी 4 चे (जास्त वेगवान) आहेत, आणि पुढच्या दोनपैकी एकातून स्क्रीनला चित्र जातच नाही. तिथं एचडीएमआय कार्ड घालून "पोर्ट गेलं" म्हणणाऱ्याचं काहीच गेलेलं नसतं.

दोष कार्डाचा निघाला तर फार विचार करू नका, नवीन घ्या. साधं यूएसबी-सी किंवा यूएसबी-ए कार्ड कंपनीच्या दुकानात 9 डॉलरला आलं होतं. ते दुरुस्त करायला देणं म्हणजे चिंधी शिवायला शिंपी गाठणं. एचडीएमआय कार्ड महाग, कारण त्यात सिग्नल बदलणारी चिप असते. अडचण किमतीची नाही, ते इथवर आणायची आहे: परदेशातून एकटं कार्ड मागवलं तर पाठवणावळच जड होते. दिवाळीला कुणी तिकडून येत असेल तर दोन जास्तीची आणायला सांगा, खिशात मावतात.

दोष स्लॉटचा असेल तर खरा पेच. त्यातही आधी स्वस्तातलं. मे महिन्यात पारा 45 च्या वर, घरात कूलरची ओली हवा आणि वर धूळ. संपर्कबिंदूंवर थर बसायला एवढं पुरे. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बायोसमधली (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधली) बॅटरीची जोडणी तोडण्याची सोय वापरा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हलक्या हातानं पुसा. अल्कोहोल पूर्ण उडू द्या, मगच चार्जर लावा. उघडायची गरज पडलीच, तर खालचे पाच स्क्रू काढायचा पाना खोक्यातच येतो.

त्यानंतरही स्लॉट मेलेलाच राहिला, तर चिप लेव्हलवाल्याकडे (बोर्डावरचे बारीक भाग बदलणाऱ्याकडे) न्यायचं की सोडून द्यायचं? माझं मत सोडून देण्याकडे झुकतं. 13 इंची मॉडेलच्या चारही स्लॉटमधून चार्जिंग होतं, त्यामुळे एक गेला तरी मशीन अडत नाही. उलट 24 पिनांचं ते पोर्ट गरम हवेनं उचलताना शेजारचे बारीक भाग हलले, तर चालता बोर्ड जातो. शिवाय बाहेरच्या सोल्डरिंगची खूण दिसली की वॉरंटीचं बोलणं अवघड होतं. वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीला कळवा आणि कार्डांच्या अदलाबदलीचा व्हिडिओ काढून ठेवा, पहिला प्रश्न तोच येतो.

दुकानात जायचंच असेल तर यूएसबी-सीचं काम नेहमी करणारा शोधा. पोर्ट बदलणार की नुसते सोल्डरचे टाके गरम करणार, हे आधी विचारा.

नवा मदरबोर्ड हा शेवटचा पर्याय. त्याची किंमत शेकड्यातल्या डॉलरची, म्हणून एका स्लॉटसाठी तो घेऊ नये. पण रिकामा स्लॉटही तापत असेल, किंवा लॅपटॉप अधूनमधून स्वतःच बंद होत असेल, तर तीन पोर्टवर भागवणं धोक्याचं. तेव्हा वापर थांबवा, बॅटरीची जोडणी तोडा आणि बोर्डाचा विचार करा.