चरित्र की कथा? एटकॉमचा तास घेणाऱ्यांसाठी

एमबीबीएसला 2019 च्या बॅचपासून एटकॉम आलं: वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचे तास. आपल्याकडच्या ग्रामीण कॉलेजात हे तास अंगावर आले की पहिला प्रश्न पडतो, पोरांना वाचायला काय द्यायचं?

विदर्भात चरित्राचं पारडं आधीच जड. डॉ. प्रकाश आमटे यांचं ‘प्रकाशवाटा’ हे आत्मचरित्र सहज मिळतं, मराठीत आहे. 1973 साली हेमलकशात सुरू झालेलं काम, कंदिलाच्या उजेडातल्या शस्त्रक्रिया, माडिया भाषा शिकणं. सगळं आपल्याच गडचिरोलीतलं, जाऊन बघता येणारं. उद्या बाँडवर, म्हणजे डॉक्टर झाल्यावरच्या सक्तीच्या सरकारी सेवेसाठी, भामरागडला जाणाऱ्याला याचा मोठा आधार होतो. पण मुलं त्या माणसाला मखरात बसवतात. “सर, ते थोर होते, आपल्याच्यानं नाही होणार,” असं कुणी म्हटलं की चर्चा तिथंच थांबते. म्हणून मी सुरुवातीचाच भाग वाचायला देतो, जिथं पेशंट दवाखान्याकडं फिरकतही नाहीत.

कथेचं बळ वेगळं. रशियन लेखक मिखाईल बुल्गाकोव्ह 1916 मध्ये कीवहून डॉक्टर झाला आणि स्मोलेन्स्क भागातल्या खेड्यात पोचला. त्यावर त्यानं पुढं कथा लिहिल्या. एका कथेत बाळ पोटात आडवं असतं. नवखा डॉक्टर सिगारेट आणण्याचं निमित्त करून खोलीवर पळतो आणि प्रसूतीचं पुस्तक उघडतो. पानांनी गोंधळ वाढतो. हात धुताना सुईण सहज सांगत जाते, आधीचे डॉक्टर हे कसं करायचे, आणि बाळ फिरवायला तेच कामी येतं. ही कथा सांगितली की वर्गात आधी शांतता पसरते. मग एखादा इंटर्न आपली कॅज्युअल्टीतली रात्र सांगू लागतो, फवारणीचं औषध प्यायलेल्या शेतकऱ्याची. चरित्र वाचून असं कुणी बोललेलं मला आठवत नाही.

अडचण भाषेची. इंग्रजी अनुवाद गावच्या शाळेतून आलेल्यांना जड जातो. स्वतः वाचून मराठीत सांगावं, वीस मिनिटं पुरतात. लिहून घेतलंत तरी मार्क देऊ नका. मार्क आले की पोरं खरं लिहीत नाहीत.

पहिल्या वर्षाला चरित्र द्या, जमलं तर हेमलकशाची भेटही. इंटर्नशिपच्या तोंडावर कथा. एकच तास हाती असेल तर मी कथा घेईन, आणि शेवटी विचारीन: तुमच्या पीएचसीतली (प्राथमिक आरोग्य केंद्रातली) सिस्टर अशी बोलू लागली, तर तुम्ही ऐकाल का?