पद्मिनीला ब्रेक बूस्टर बसवून चौदा महिने झाले

आमची प्रीमियर पद्मिनी 1986 सालची. बाबांनी नवी घेतलेली, आता माझ्या नावावर. चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकासोबत फिरणाऱ्या डब्याला आतून शू दाबून थांबवणारे), ब्रेक ऑइलचं सगळ्या चाकांना मिळून एकच सर्किट, पायाचा जोर वाचवणारा बूस्टर नाही. बाबा ब्रेक मारायचे तेव्हा त्यांची पाठ सीटला रेटली जायची, ते अजून डोळ्यांसमोर आहे. दोन वर्षांपूर्वी माझा उजवा गुडघा दुखायला लागला. सिंहगड रोडच्या गर्दीत दर वीस पावलांवर तो पेडल रेटणं जमेना. गाडी विकायची नव्हतीच, म्हणून बूस्टर बसवला. आता सहा हजार किलोमीटर होऊन गेलेत.

आधी एक गोष्ट सांगते, कारण मला ती कुणी सांगितली नव्हती. बूस्टरमुळे पाय हलका होतो, ब्रेकची मूळ ताकद वाढत नाही. चाक लॉक होईपर्यंत ब्रेक पूर्वीही लागायचा, फक्त जीव काढून दाबावा लागायचा. बूस्टर म्हणजे पत्र्याचा एक गोल डबा, मध्ये रबरी पडदा. पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा इंजिन ओढून घेतं. आपण पेडल दाबलं की एका बाजूला बाहेरची हवा आत शिरते आणि पडद्याला ढकलते. माझा पडदा साधारण सात इंचांचा, म्हणजे जवळजवळ 250 चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला 0.6 किलो दाब धरला तरी दीडशे किलोचा रेटा फुकट मिळतो. पण हा सगळा रेटा शेवटी त्याच जुन्या ड्रमवर येतो, उष्णताही तिथेच तयार होते. ड्रम अंडाकृती झाला असेल किंवा एका बाजूचा लायनर (शूवरचं घासणारं अस्तर) तेलकट असेल, तर बूस्टर लावल्यावर गाडी आणखी थरथरते, आणखी एका बाजूला ओढते. म्हणून मी पहिला महिना ड्रम लेथवर टर्न करणं, नवे लायनर, शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरची किट आणि रबरी होज यातच घालवला. तो वेळ सार्थकी लागला. मात्र सामान शोधावं लागतं. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाल्या. त्यांच्या जिवावर मिळणारे सुटे भाग आता तितक्या सहज मिळत नाहीत.

बूस्टर आणि त्याच्यासोबतचा टँडम, म्हणजे दुहेरी, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) एका छोट्या हॅचबॅकचा घेतला. खरं सांगायचं तर बूस्टरपेक्षा मला या सिलिंडरचं समाधान जास्त आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांचं सर्किट आता वेगळं. एखादा पाइप फुटला तरी दुसरी जोडी हाताशी राहते. इतकी वर्षं घरची माणसं बसवून एकाच सर्किटवर घाट उतरले, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

बसवल्यावर चौथ्या दिवशी वारज्याहून परतताना गाडी जड वाटायला लागली, जणू हँडब्रेक ओढलेलाच आहे. घरी उतरले तर लायनर जळल्याचा वास, आणि पुढच्या रिमजवळ हात धरवेना. ज्या गॅरेजने काम केलं होतं तिथे म्हणाले, "ताई, लायनर नवे आहेत, बसतील." मला पटलं नाही. गाडी दुसऱ्या, वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पुढचं चाक जॅकवर उचललं, फिरेना. मग मास्टर सिलिंडर बूस्टरला धरून ठेवणारे दोन नट त्यांनी थोडेसेच सैल केले. त्याच क्षणी चाक हाताने फिरायला लागलं. मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलणारा बूस्टरमधला दांडा केसभर लांब होता. पाय काढला तरी पिस्टन पूर्ण मागे येत नव्हता, ऑइलची परतीची वाट बंद राहत होती, आणि ऑइल तापून फुगलं की शू आणखी घट्ट बसत होते. त्यांनी मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा गोळा मधे दाबून फट मोजली आणि दांडा आखूड केला. पहिल्या दाबाला पेडल खोल जाऊन दुसऱ्या दाबाला वर यायचं, तेही त्यांनीच सोडवलं. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब कायम राहावा लागतो, त्यासाठीचा छोटा वाल्व्ह या सिलिंडरात नव्हता. तो वेगळा बसवला.

बूस्टरमधली हवा इंजिनने ओढावी (तोच व्हॅक्यूम), यासाठी कार्ब्युरेटरखाली जाड स्पेसर घालून त्यातून नळी जोडायला निपल काढलाय. तिथली क्लिप एकदा ढिली झाली, तेव्हा आयडलिंग डळमळायला लागलं आणि पेडलही कडक झालं. आता महिन्यातून एकदा मी साधी चाचणी करते: इंजिन बंद, पेडल पाच-सहा वेळा दाबून कडक करायचं, पाय तसाच ठेवून स्टार्टर मारायचा. पेडल पायाखाली अलगद खाली सरकलं म्हणजे बूस्टर ठीक.

दिवाळीत पाचगणीला जाऊन आलो. वर पेडल किंचित जड लागलं. दोष नव्हता, उंचीवर बाहेरच्या हवेचाच दाब कमी. पसरणी घाट सेकंड गिअरमध्ये उतरलो आणि ब्रेकला जपलं, कारण ड्रम तापले की बूस्टर काही करू शकत नाही. आणि कळकळीने सांगते, उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून बंद करायची जुनी सवय ज्यांना आहे, त्यांनी बूस्टर लावल्यावर ती सोडलीच पाहिजे. इंजिन बंद झालं की डब्यात दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो, नंतर पेडल दगडासारखं होतं.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेलं की ड्रम ओले होतात, ते बूस्टरनेही बदललेलं नाही. थोडं अंतर हलका पाय ठेवून ते सुकवावे लागतात. ब्रेक ऑइलही हवेतला ओलावा पितं. डॉट 3 प्रतीचं कोरडं ऑइल किमान 205 अंशांना उकळतं, ओलावा शोषलेलं 140 च्या आसपासच. म्हणून ऑइल बदलायची दोन वर्षांची मुदत मी काटेकोर पाळते.

गुडघा आता संध्याकाळी ठणकत नाही. पहिल्या आठवड्यात मात्र मी जुन्याच जोराने पाय मारायचे आणि आई पुढे झुकायची. पाय बसायला पंधरा दिवस लागले. सध्या मागच्या डाव्या ड्रमच्या आतल्या कडेला ओलसर डाग दिसतोय. या रविवारी ते चाक उघडून सिलिंडर बघायचा आहे.