जेवणानंतरच्या दुआंचा तक्ता: घेण्याआधी काय तपासावं

हे तक्ते तीन रूपांत मिळतात: भिंतीवर लावायचा, टेबलावर उभा राहणारा आणि थेट दस्तरख्वानावर, म्हणजे जेवताना अंथरायच्या कापडावर, छापलेला. तिसरा घेऊच नका. अल्लाहचं नाव असलेल्या कापडावर रस्सा सांडतो, उष्टं पडतं, आवरताना पाय लागतो. भिंतीवरचा सगळ्यात बरा, मात्र खाली बसून जेवणाऱ्याच्या नजरेसमोर येईल इतका खाली लावावा.

आधी मजकूर बघा. पुष्कळ तक्त्यांवर एकच दुआ असते: ‘अल्हम्दु लिल्लाहिल्लज़ी अत्अमना व सक़ाना व जअलना मिनल मुस्लिमीन’. अबू दाऊद आणि तिर्मिज़ी यांच्या हदीस-संग्रहांत, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींत, शेवट ‘व जअलना मुस्लिमीन’ असा आहे, ‘मिनल’ नाही. शिवाय तिची सनद, म्हणजे ती सांगत आलेल्यांची साखळी, काही मुहद्दिसांनी (हदीसच्या जाणकारांनी) कमकुवत ठरवली आहे. ‘ज्यानं आम्हाला खाऊपिऊ घातलं, मुस्लिम केलं, त्या अल्लाहची स्तुती’ हा अर्थ सुंदर आहे, जरूर म्हणावी, पण तेवढ्यावर तक्ता पुरा होत नाही. मुआज़ बिन अनस (रज़ि.) यांनी पैगंबरांकडून सांगितलेली रिवायत हवीच: ‘अल्हम्दु लिल्लाहिल्लज़ी अत्अमनी हाज़ा व रज़क़नीहि मिन ग़ैरि हौलिम्मिन्नी वला क़ुव्वह’. माझ्या कुठल्याही बळाशिवाय, ताकदीशिवाय त्यानं मला हे खाऊ घातलं, अशी ही कबुली. कनाअत, म्हणजे मिळालं त्यात समाधान, इथूनच येते. घास स्वतःच्या कर्तबगारीचा वाटला की ताटातलं उणं आधी दिसतं.

दस्तरख्वान उचलतानाची ‘अल्हम्दु लिल्लाहि कसीरन तय्यिबन मुबारकन फ़ीहि’ ही बुखारीच्या हदीस-संग्रहातली दुआ लांब आहे. ती दोन ओळींत तोडून छापलेली असावी. दुधानंतर ‘अल्लाहुम्म बारिक लना फ़ीहि व ज़िद्ना मिन्हु’, आणि पाहुण्यानं यजमानासाठी ‘अल्लाहुम्म बारिक लहुम फ़ीमा रज़क़्तहुम वग़फ़िर लहुम वरहम्हुम’. सुरुवातीला बिस्मिल्लाह राहून गेली तर आठवताच म्हणायची ‘बिस्मिल्लाहि अव्वलहू व आखिरहू’ही कोपऱ्यात असावी, कारण जेवताना हीच चूक वारंवार होते.

नुसत्या देवनागरीवर विसंबू नका. अरबीतले दोन वेगवेगळे उच्चार तिथे एकाच ‘ह’मध्ये मिसळतात, ‘अत्अमनी’चं ‘अतमनी’ छापलं तर ऐन हे अरबी अक्षरच गळतं. ज़बर-ज़ेर-पेश या स्वरचिन्हांसह अरबी ओळ वर, देवनागरी खाली, मग मराठी अर्थ, हा क्रम योग्य. नुक्ते (‘ज़’, ‘क़’खालची टिंबं) गाळलेला तक्ता परत करा. लहान मुलं बघून तसंच पाठ करतात आणि पुढे ते सुधारणं कठीण जातं.

तळाशी अबू हुरैरा (रज़ि.) यांची हदीस असेल तर फारच उत्तम: पैगंबरांनी (स.) अन्नाला कधी नावं ठेवली नाहीत; आवडलं तर खाल्लं, नाही तर सोडलं. दुआ म्हणून झाल्यावर लगेच ‘मीठ कमी होतं’ म्हणणाऱ्याला ही ओळ समोर दिसायला हवी.

लॅमिनेशन मॅट घ्या. चकचकीत पृष्ठभागावर दिव्याची तिरीप पडते आणि बारीक ज़ेर-ज़बरच आधी दिसेनाशा होतात.