वेस्ट साइड स्टोरी: आधी आलेले आणि मागून आलेले

ऑगस्ट 2023 मध्ये 'वेस्ट साइड स्टोरी' ही न्यूयॉर्कमध्ये घडणारी अमेरिकन संगीतिका दौऱ्यावर मुंबईत आली, तेव्हा दादा नेमका इथे होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, 1983 पासून न्यू जर्सीत. यावरचा 1961 चा सिनेमा त्याने कितीतरी वेळा पाहिलेला, मी एकदाच. रंगमंचावर मात्र दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं. मी हार्मोनियम शिकवते. त्यामुळे माझे कान सुरांकडे आणि त्याचे डोळे न्यूयॉर्ककडे, असे आम्ही नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरच्या ग्रँड थिएटरमध्ये शेजारी शेजारी बसलो.

गोष्ट रोमिओ-ज्युलिएटची, हे बहुतेकांना ठाऊक असतं. दोन घराण्यांच्या जागी इथे पोरांच्या दोन टोळ्या आहेत. पोर्तो रिको या कॅरिबियन समुद्रातल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावरून आलेले शार्क्स, आणि 'ही गल्ली आमची' म्हणणारे जेट्स. प्रेमकथा म्हणून ते सुंदर आहेच. पण मला सांगायचंय ते वेगळं आहे. कालपरवा आलेल्याला जो 'परका' म्हणतो, तो स्वतः कधी आला, हा प्रश्न हे नाटक विचारत राहतं.

जेट्स कोण आहेत बघा. नायक टोनी हा पोलिश घरातला, मूळ नाव अँटन. त्याच्या दोस्तांचे आईबापही कुठून कुठून बोटीने आलेले. आणि ज्यांना ही मुलं परकं म्हणतात, त्या पोर्तो रिकोच्या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व 1917 पासूनच आहे! कागदावर परकं कुणीच नाही.

पहिल्या अंकात डॉकच्या औषधांच्या दुकानातला प्रसंग आहे. पोलीस अधिकारी लेफ्टनंट श्रँक आत येतो आणि शार्क्सना बाहेर काढतो. ती मुलं काही बोलत नाहीत, फक्त अमेरिकेचं एक देशभक्तीपर गीत शीळ घालत निघून जातात. मग श्रँक जेट्सशी गोड बोलायला लागतो. आपण एकाच बाजूचे, मारामारी कुठे ठरलीय तेवढं सांगा. मुलं तोंड उघडत नाहीत. क्षणात त्याचा आवाज फिरतो आणि तो त्यांच्याही आईबापांना बाहेरून आलेली घाण म्हणतो. दोन मिनिटांपूर्वी 'आपले' असलेले तेही परके झाले. या जागी दादा खुर्चीत पुढे सरकून बसला. सिनेमात हे वाक्य आपल्या लक्षातच कसं आलं नाही, असं तो नंतर म्हणाला.

लिहिणारे-रचणारे चौघे, संगीतकार लेनर्ड बर्नस्टीन, गीतकार स्टीव्हन सोंडहाइम, संहिताकार आर्थर लॉरेंट्स आणि दिग्दर्शक-नृत्यरचनाकार जेरोम रॉबिन्स, सगळे ज्यू. बर्नस्टीन आणि रॉबिन्स तर स्थलांतर करून आलेल्या आईबापांचीच मुलं. 1949 मध्ये पहिली कल्पना सुचली ती कॅथलिक मुलगा आणि ज्यू मुलगी अशी होती. पुढे 1955 च्या सुमारास ती पोर्तो रिकोकडे वळली आणि 26 सप्टेंबर 1957 ला नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, आलं. आपल्या घरचं दुखणं त्यांनी दुसऱ्याच्या घरात ओळखलं, असं मला वाटतं. म्हणूनच ते इतकं आतून आलंय.

आता 'अमेरिका' या गाण्याबद्दल. सिनेमात ते गच्चीवर मुलगे विरुद्ध मुली असं रंगतं. रंगमंचावर मुलगे निघून गेलेले असतात आणि गाणं फक्त बायकांचं आहे. शार्क्सच्या गोटातल्या रोझालियाला पोर्तो रिकोची राजधानी सान हुआनची आठवण येते, तिची मैत्रीण अनिता तिची थट्टा करते. रोझालिया म्हणते, मी मोठी गाडी घेऊन गावी जाईन. अनिता विचारते, रस्ता असला तर ना! ती म्हणते, टीव्ही नेईन. अनिता विचारते, वीज कुठे आहे? शेवटी रोझालिया म्हणते, मी परत जाईन तेव्हा सगळे माझं स्वागत करतील. त्यावर अनिता सांगते, तोवर सगळे इकडेच आलेले असतील. प्रेक्षागृह खळखळून हसलं. दादा हसला नाही. पहिल्यांदा सुट्टीवर आला होता, तेव्हा त्याने टेपरेकॉर्डर आणला होता, चुलत-मावस भावंडांपैकी प्रत्येकाला काही ना काही आणलं होतं, आणि बॅगा उघडताना त्याचा चेहरा कसा झाला होता ते मला आठवतं. मध्यंतरात तो एवढंच म्हणाला, "त्या रोझालियाला हसायला नको होतं गं."

मला तर रंगमंचावरचं हे रूप सिनेमापेक्षा खरं वाटलं. राहावं की परतावं हे भांडण देश सोडलेल्या माणसाचं बाहेरच्याशी कमी, आपल्याच माणसाशी जास्त असतं. कधी कधी तर एकाच माणसाच्या पोटात रोझालिया आणि अनिता दोघी असतात.

या गाण्याची लयही ऐकण्यासारखी आहे. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, मग लगेच एक-दोन, एक-दोन, एक-दोन. सहाच मात्रा, पण आधी तिनाचे दोन आणि मग दोनाचे तीन. मांडीवर हाताने धरून बघा, तिसऱ्या फेरीला आपोआप पाय हलतो.

आणि 'मारिया', टोनीचं नायिकेच्या नावाचं गाणं! पहिले तीन स्वर सा, तीव्र मध्यम (शुद्ध मध्यमाहून थोडा वरचा), पंचम. षड्जावरून थेट तीव्र मध्यमावर उडी म्हणजे गळ्याची परीक्षा, आणि तिथे थांबवत नाही, लगेच पंचमावर टेकायला हवं. सा-पच्या मधला तो अस्वस्थ स्वर बर्नस्टीनने नाटकभर पेरलाय. मारामारीत तोच, 'कूल' या गाण्यात तोच, प्रेमातही तोच, आणि प्रेमात त्याला पंचम मिळतो. अगदी शेवटी वाद्यवृंद शांत होत असतानाही खालून तो टोचतोच. दुसऱ्या अंकातलं 'समव्हेअर' हे गाणं षड्जावरून एकदम कोमल निषादावर जातं. कुठेतरी आपल्यासाठी जागा असेल म्हणणारं गाणं असं लांब हात करून सुरू व्हावं, हे किती नेमकं आहे.

नृत्यांबद्दल थोडक्यात सांगते, मला त्यातलं फार कळत नाही. दिग्दर्शन लॉनी प्राइस यांचं, नृत्यं रॉबिन्सच्या मूळ रचनांवरून हुलिओ मोंखे यांनी उभी केलेली. जिममधला माम्बो नाच सुरू झाल्यावर श्वास रोखून बघितला. पोरं भांडतात तीही नाचूनच, आणि ते खोटं वाटत नाही.

खटकलेलं सांगायलाच हवं. 'आय फील प्रिटी' गोड आहे, पण महिन्याभरापूर्वी बेटावरून आलेली, लग्नाच्या कपड्यांच्या दुकानात शिवणकाम करणारी मारिया इतक्या नटलेल्या यमकांत बोलेल का? सोंडहाइम यांना स्वतःलाही हे पुढे आयुष्यभर खटकत राहिलं. शिवाय मूळ 'अमेरिका'त पोर्तो रिकोला रोगराईचं बेट म्हटलंय. त्यावर 1957 मध्येच आक्षेप घेतला गेला आणि सिनेमासाठी ते शब्द बदलले. त्या ओळी ऐकताना मला वाईट वाटलं. शार्क्सच्या मुलांना जेट्सइतकं बोलायलाही मिळत नाही. टोनीचं मन आपल्याला तळापर्यंत दिसतं, शार्क्सचा म्होरक्या बर्नार्डोचं तेवढं दिसत नाही.

तरीही पुन्हा कधी हे दौऱ्यावर आलं तर जरूर जा. सिनेमा पाहिलेला असला तरी जा, आणि ज्याचं कुणी परदेशी आहे त्याने शक्य झालं तर त्या माणसाला सोबत घेऊन जा.

बाहेर पडताना दादा 'मारिया' गुणगुणत होता, पण शुद्ध मध्यम लावून. मी म्हटलं, "दादा, थोडं वर." पुन्हा शुद्धच. जिन्यावर थांबून मी त्याला सा दिला. तिसऱ्या वेळी त्याचा तीव्र मध्यम बरोबर लागला, आणि तो पंचमावर येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो.