थंडीतली कमाटीबाग: लेकराला सकाळी न्यावं की दुपारी?

डिसेंबर लागला की बडोद्यात लहान मूल असलेल्या घरांत हा विषय निघतोच. रविवारी कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात प्राणी बघायला जायचं एवढं ठरतं, पण सकाळी निघायचं की जेवून, एक झोप काढून, यावर दोन तट पडतात. आमची धाकटी साडेतीन वर्षांची आहे. दोन्ही वेळा करून झाल्यावर माझा कौल सकाळकडे आहे. तरी दुपारवाल्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

त्यांचा सगळ्यात मोठा मुद्दा मगरींचा, आणि तो बिनतोड आहे. मगर, साप, कासव यांना अंगातली ऊब बाहेरून घ्यावी लागते, त्यामुळे गारठ्यात ती हलतच नाहीत. ऊन चढलं की बागेलगतच्या विश्वामित्री नदीतल्या मगरी काठाच्या चिखलावर येऊन पसरतात. काळा घोडा चौकाजवळच्या पुलावरून पहिल्यांदा मगर दिसली, तेव्हा ती आ वासून पडली होती. लेक म्हणाली, "बाबा, तिला भूक लागलीय." डोकं जास्त तापू नये म्हणून मगर तोंड उघडं ठेवते, हे मी तिला सांगितलं. तिला काही ते पटलं नाही. असं दृश्य सकाळी नऊला मिळत नाही, हे खरं.

वाघ-सिंहांचं उलटं असतं. रात्रीच्या खोलीतून मोकळ्या आवारात सोडल्यावर पहिला तास-दीड तास वाघ कडेकडेने फेऱ्या घालतो, कालच्या जागा हुंगतो, झाडाला अंग घासतो. दुपारी तोच वाघ लांब कुठेतरी सावलीत आडवा झालेला असतो. मोठ्यांना तेवढंही पुरतं, पण आमच्या लेकीच्या लेखी झोपलेला वाघ हा वाघच नव्हे. पक्षीही सकाळीच जास्त बोलतात.

एवढ्यावर पारडं साधारण सारखंच राहिलं असतं. माझ्यापुरता निकाल लागला तो कपड्यांवरून.

सकाळी निघताना आजी बनियन, शर्ट, स्वेटर, वर कानटोपी असा सगळा सरंजाम चढवते. दहा-साडेदहाला ऊन लागलं की एकेक उतरवायचं आणि आपल्या खांद्यावर टाकायचं. ओझं होतं, पण मूल तक्रार करत नाही, कपडे काढायला त्याची कधीच ना नसते. दुपारचा क्रम नेमका उलटा. तीनला निघताना बडोद्याच्या उन्हात स्वेटर घालावासा वाटत नाही. पोर पळतं, घामाने बनियन पाठीला चिकटतं. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि नदीकाठ असल्याने गारवा त्याच्या आधीच अंगाला लागतो. दमलेल्या, चिडलेल्या पोराच्या हातात स्वेटरची बाही घालणं हे काय असतं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. हात ताठ करून ती बागेतल्या रस्त्यावर बसकण मारते. शेवटी स्वेटर चढतो, पण ओल्या बनियनवर, आणि तसंच तिला स्कूटरवर पुढे उभं करून दांडिया बाजारापर्यंत वाऱ्यातून न्यायचं. लहान मुलांच्या वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा, त्यामुळे ती आपल्यापेक्षा लवकर गारठतात. आमच्याकडे त्या रात्री खोकला ठरलेला. सगळ्याच मुलांचं असं होईल असं मी म्हणणार नाही, पण आमच्या घरी दुपारचा आग्रह तिथेच संपला.

स्कूटरवरून जाणाऱ्यांसाठी आणखी एक. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधीचे दोन-तीन आठवडे पतंगांचा जोर दुपारनंतर वाढतो आणि रस्त्यावर मांजा आडवा येतो. हँडलला सळईची कमान बसवली असली, तरी पुढे उभ्या असलेल्या मुलाच्या गळ्याची मला धास्ती वाटते. सकाळी आकाश बरंच रिकामं असतं.

आणि मगरींसाठी दुपारच हवी असंही नाही. नऊ-साडेनऊला आत शिरावं, आधी पक्षी, मग वाघ-सिंह. सरपटणारे प्राणी शेवटी ठेवले की अकरापर्यंत त्यांच्याही अंगात ऊब आलेली असते. बाहेर पडताना पुलावर थांबलात तर बहुधा एखादी मगर काठावर आलेली दिसते. मुलात अजून दम असेल तर बागेतलंच म्युझियम तोवर उघडलेलं असतं. तिथला निळ्या देवमाशाचा सांगाडा पाहताना आमची लेक त्याच्या शेपटीपासून डोक्यापर्यंत चालत गेली आणि परत पहिल्यापासून चालली. दुपारी निघालात तर प्राणी बघून होईतो म्युझियम बंद व्हायची वेळ आलेली असते.

घरात सकाळी उशिरा उठणारं बाळ असेल, किंवा आजी-आजोबांना सकाळचा गारठा सोसत नसेल, तर दुपारी खुशाल जा. फक्त दोन गोष्टी करा. पिशवीत कोरडं सुती बनियन ठेवा आणि साडेचारच्या आत, ऊन असतानाच, ते बदलून वर स्वेटर चढवा. आणि परतताना रिक्षा करा.