गॅस गिझर की इलेक्ट्रिक इन्स्टंट? खानापूरकडच्या घरातला अनुभव

तांब्याचा बंब माळ्यावर गेला, तेव्हा घरात प्रश्न आला की न्हाणीला इन्स्टंट गिझर इलेक्ट्रिक घ्यायचा की गॅसचा. मी दोन्ही वापरले. आधी इलेक्ट्रिक, दोन हिवाळे. त्यानंतर गॅस, त्याला आता चार वर्षं होतील. माझं माप कुठं झुकतं ते पुढं कळेलच, पण घर बेळगाव शहरात असेल तर तुमच्यासाठी उलटं उत्तरही बरोबर ठरू शकतं.

इलेक्ट्रिकला मी नावं ठेवणार नाही. बटण दाबायचं आणि नळ सोडायचा, एवढंच काम. सिलिंडर नाही, जळका वास नाही, म्हातारं माणूस एकटं घरात असलं तरी काळजी नाही. ३ किलोवॅटचा गिझर १३ अँपिअर ओढतो, म्हणून त्याला वेगळी जाड वायर, स्वतःचा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारं बटण) आणि खरीखुरी अर्थिंग पाहिजेच. आपल्याकडच्या जुन्या घरांत अर्थिंग बऱ्याचदा नावापुरतीच असते, ती आधी तपासून घ्या. धार मात्र बारीक. पाणी २० अंशांनी तापवायचं तर मिनिटाला जेमतेम दोन लिटर, म्हणजे बादलीला नऊ-दहा मिनिटं. तेवढी सवय होते.

माझं घोडं अडलं ते व्होल्टेजवर.

आमचं घर ट्रान्सफॉर्मरपासून लाइनीच्या शेवटच्या खांबावर. डिसेंबरात पहाटेपासून उसाला पाणी सोडायला मोटारी चालू होतात, आणि नेमकी तीच आमची आंघोळीची वेळ. दादा न्हाणीतनं हाक मारायचे, "अरे, पाणी तापलंय काय नाही?" गिझरचा लाल दिवा तर जळत असायचा. मी नळ बारीक करायचो, आणखी बारीक करायचो, शेवटी करंगळीएवढी धार राहायची आणि तीही कोमटच. मेकॅनिक दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा भर दुपारी. दुपारी पाणी वाफाळतं यायचं, त्यामुळं तो दोष शोधणार तरी कुठं? शेवटी गावातल्या वायरमनला सकाळी साडेसहाला बोलावलं. त्यानं प्लगात मीटर लावला. आकडा आला १७६. "काका, गिझर झकास आहे. लाइनच दमलीय," तो म्हणाला.

हिशेब मग मी स्वतः मांडला. २३० च्या जागी १७६ म्हणजे व्होल्टेज साधारण पाऊणपट. पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गानं घटते, म्हणजे पाऊणाच्या पाऊणपट, त्यामुळं ३ किलोवॅटचा गिझर पावणेदोन किलोवॅटचा होतो. जी धार २० अंशांनी तापायची ती १२ अंशांनीच तापते. स्टॅबिलायझर लावावा म्हटलं तर एवढ्या लोडचा स्टॅबिलायझर गिझरपेक्षा महाग पडत होता. त्यात आमच्याकडचा पाऊस. जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला झाड तारेवर पडलं की अख्खा दिवस वीज नाही, आणि गरम पाण्याची खरी गरज त्याच दिवसांत.

गॅस गिझरला वीज लागतच नाही, दोन सेलवर ठिणगी पडते. सहा लिटरवाल्यानं (मिनिटाला सहा लिटर, ही कागदावरची क्षमता) बादली चार-पाच मिनिटांत भरते. २० लिटरच्या बादलीला साठ ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. आमच्या चौघांत १४.२ किलोचा सिलिंडर पावणेदोन महिने सहज पुरतो, अर्थात तो फक्त गिझरलाच जोडलेला आहे. तेवढ्याच आंघोळीला इलेक्ट्रिकवर महिन्याला ६०-७० युनिटं जातात. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत असाल तर हा आकडा नीट बघा, कारण महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला की पूर्ण बिल भरावं लागतं.

गॅसलाही त्रास आहेत. सेल उतरले की नुसतं टकटक वाजतं, ज्योत पेटत नाही. पाण्याचा दाब कमी असेल तरी ज्योत पेटत नाही. आमची टाकी न्हाणीच्याच छपरावर होती, तिला चार फुटी अँगलचा स्टँड करावा लागला. साबण लावताना नळ बंद करून पुन्हा सोडला की मध्येच गार पाण्याचा एक लोट येतो. म्हणून आम्ही शॉवर जोडलाच नाही, बादलीच भरतो.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. गॅस गिझर न्हाणीच्या आत लावू नका, खिडकी असली तरीही. बंद खोलीत ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. आमचा गिझर मागच्या पडवीच्या भिंतीवर आहे, फक्त गरम पाण्याचा पाइप आत घेतलाय. अशी मोकळी बाहेरची भिंत तुमच्याकडे नसेल, फ्लॅट असेल, तर इलेक्ट्रिकच घ्या. तिथं बाकी कुठल्याही हिशेबाला अर्थ नाही.

भिंत असेल तर खरेदीला जायच्या आधी आठवडाभर, तुमच्या आंघोळीच्या वेळेला, प्लगातलं व्होल्टेज बघून ठेवा. २१० च्या वर टिकत असेल तर इलेक्ट्रिकला हरकत नसावी असं मला वाटतं. १८० च्या घरात येत असेल तर मी तरी गॅसच घेईन.

आमचा तो जुना इलेक्ट्रिक गिझर मी धाकट्या भावाला दिला. बेळगावात टिळकवाडीला त्याच्या फ्लॅटवर लावलाय. मागच्या जानेवारीत दादा तिथं चार दिवस राहून आले, आणि पहिल्याच सकाळी न्हाणीतनं त्यांनी हाक मारली, "थोडं गार पाणी घाला रे यात."