रोअरी: डुकरांतील आणि माणसांतील जिवाणूंच्या जीनोमची तुलना करताना

डुकरांच्या टॉन्सिलमध्ये राहणारा आणि माणसात मेंदूच्या आवरणाचा दाह व कायमचे बहिरेपण घडवू शकणारा स्ट्रेप्टोकॉकस सुइस हा जिवाणू अभ्यासायचा, तर दोन्हींकडून मिळालेल्या वाणांमध्ये (म्हणजे या जिवाणूच्या उपप्रकारांमध्ये) कोणती जनुके समान आणि कोणती वेगळी, हा पहिला प्रश्न असतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेली रोअरी ही मोफत संगणकप्रणाली त्याचे उत्तर साध्या संगणकावरही झपाट्याने देते, आणि प्रत्येक जनुक कोणत्या वाणात आहे वा नाही याचा तिचा तक्ता मला फार मोलाचा वाटतो. २००५ च्या चीनमधील सिचुआन प्रांतातील साथीच्या वाणांत आढळलेल्या ‘८९के’ या जनुकखंडासारखे भाग त्यात चटकन नजरेत भरतात.

मात्र दोन जनुके एकच मानण्यासाठी त्यांच्या प्रथिनांत किमान ९५ टक्के साम्य हवे, ही रोअरीची मूळ मर्यादा या अतिशय विविध जिवाणूसाठी कडक आहे. ती तशीच ठेवली, तर एकच जनुक दोन गटांत विभागले जाते आणि माणसांतील वाणांत ‘खास’ जनुके असल्याचा भास होतो. तुकड्यातुकड्यांत जुळवलेल्या जीनोममधील (जिवाणूच्या संपूर्ण जनुकीय माहितीतील) चुकाही रोअरी दुरुस्त करत नाही. तिची देखभाल आता थांबली असल्याने नव्या कामासाठी मी २०२० मधील पॅनारू ही तशाच कामाची प्रणाली सुचवेन, कारण ती जनुकांचा शेजार तपासून अशा चुका सुधारते.